वहिनीचे दुपारचे प्रश्न

धुळ्याच्या आमच्या घरात आवाजावर चालणारे यंत्र आले ते माझ्यामुळे. मी जळगावला ठिबक सिंचनाच्या एका कारखान्यात, संशोधन विभागात काम करते. शेतात पुरलेल्या सेन्सरांकडून ओलाव्याचे आकडे येतात. ते तपासायचे आणि पिकाला पाणी केव्हा लागेल याचा अंदाज बांधायचा, हे माझे काम. नोकरीत कायम झाल्यावर घरासाठी काहीतरी घ्यावे असे मनात होते. आईला साडी, दादाला घड्याळ, वहिनीला पर्स अशी वाटणी करण्यापेक्षा सगळ्यांना मिळून एकच उपयोगी वस्तू द्यावी, असे मला वाटले.

मुठीपेक्षा थोडी मोठी, करड्या कापडाने मढवलेली ती डबी मी स्वयंपाकघर आणि बैठक यांच्यामधल्या फडताळात ठेवली. जोडणीला दहा मिनिटे लागली. सुरक्षेला दोन तास. लांबलचक पासवर्ड, त्यावर फोनवर येणारी दुसरी पडताळणी, खरेदीसाठी वेगळा पिन, दादाच्या फोनमधले नंबर जोडण्यास नकार. घराच्या वाय-फायचा पासवर्ड आळीत निम्म्या लोकांना पाठ होता, तोही बदलला. त्यावरून शेजारच्या काकू दोन दिवस आईशी बोलल्या नाहीत.

आई घरात अहिराणीच बोलते. ती पदराला हात पुसत येऊन उभी राहिली.

"हाई डबी घरमा बोलेल बठ्ठं ऐकस का?"

"सगळं नाही, आई. तिचं नाव घेतलं तरच ऐकते."

"म्हणजे मन्ही सासूगत. नाव काढं का कान टवकारस."

"आई, जपून," दादा म्हणाला. "आता तुझी सूनही ऐकतेय."

वहिनी हसली. तिने विचारलेला प्रश्न मात्र एकच होता: "ताई, हिला सांगितलेलं कुठे जातं?" मी तिला सर्व्हर, सांकेतिक रूपांतर, कंपनीचे धोरण असे पाच मिनिटे समजावून सांगितले. उत्तर बिनचूक होते आणि तिच्या प्रश्नाचे नव्हते. ते सगळे माझ्या फोनात येते, एवढे एक वाक्य मी सांगितले नाही. लपवले म्हणून नव्हे. मला ते सांगण्यासारखे वाटलेच नाही. खाते माझ्या ईमेलवर उघडलेले, अटी मी मान्य केलेल्या, एका अंगठ्याने, पाच जणांच्या वतीने. त्या पाचांत दादाची दुसरीत जाणारी लेकही होती.

त्यानंतरच्या शनिवारी मी जळगावहून धुळ्याला निघाले होते. एरंडोलच्या स्थानकात बस बराच वेळ थांबली, आणि चाळा म्हणून मी त्या यंत्राचे ॲप उघडले. त्यात इतिहास नावाचे एक पान होते. घरात कोणी काय विचारले, किती वाजता विचारले, सगळे ओळीने लिहिलेले. प्रत्येक ओळीशेजारी आवाज ऐकण्याची खूण. आईने पहाटे भूपाळी लावायला सांगितली होती, मग ऊन किती पडेल ते विचारले होते. यंत्राला अहिराणी कळत नसल्यामुळे ती त्याच्याशी हिंदीत आणि विलक्षण आदराने बोलत होती. भाचीने सात नव्वे किती ते विचारले होते, आणि लगेच सात आठे. गृहपाठ कसा होतो ते मला कळले. मी बसमध्ये एकटीच हसत होते.

तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात मला एक नियमितता दिसली. आकडेवारीत नियमितता शोधणे हा माझा पेशाच आहे. सोमवार ते शुक्रवार, दुपारी साडेबारा ते दोनच्या दरम्यान, एक हळू आवाज. त्या वेळी आई जेवून आडवी झालेली असते, दादा बाजार समितीजवळच्या त्याच्या बी-बियाण्यांच्या दुकानात, भाची शाळेत. आवाज वहिनीचा होता.

कारखान्याच्या प्रयोगशाळेत गुणवत्ता तपासणीचे काम काय असते? नोकरीत आठ वर्षांचा खंड पडला असेल तर मुलाखतीत काय सांगावे? धुळ्याहून नरडाण्याला सकाळी पहिली बस किती वाजता? आणि एकदा, थांबत थांबत: घरच्यांना आधी सांगावे की नंतर?

वहिनी रसायनशास्त्राची पदवीधर आहे. लग्नाआधी दोन वर्षे तिने एका तेल गिरणीच्या प्रयोगशाळेत काम केले होते. आमच्याकडे आल्यावर ते सुटले. कोणी सोडवले नाही, सुटले. नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत कुठेतरी तिने अर्ज केला आहे, आणि घरात कोणालाही ते माहीत नाही, हे मला बसच्या खिडकीशी बसल्या बसल्या कळले.

तिथेच मी ॲप बंद करायला हवे होते. माझ्या कामात आम्ही शेतकऱ्याची लेखी संमती घेतल्याशिवाय बांधावर खड्डासुद्धा खणत नाही. एरंडोलकडच्या एका आबांनी सहीआधी मला विचारले होते, "मन्हा वावरनी वल तुमले समजी, मंग आखो कोनकोनले समजी?" त्यांच्या वावरातली ओल आणखी कोणाकोणाला कळणार, हा त्यांचा प्रश्न मी आमच्या बैठकीत कौतुकाने सांगितला होता. घरच्या फडताळाला तो लागू होतो, हे मला सुचले नाही. मला वाटले, मी वहिनीच्या बाजूची आहे. बाजूच्या माणसाने वाचले तर त्यात वाईट काय?

मग मी मदत करू लागले. कामातल्या खंडाबद्दलच्या प्रश्नानंतर दोन दिवसांनी तिला एका चांगल्या बायोडेटाचा नमुना पाठवला. 'मैत्रिणीसाठी केला होता, तुलाही असू दे.' तिने अंगठा पाठवला. द्रावणांच्या तपासणीबद्दल तिने दुपारी काही विचारले, तेव्हा त्या विषयाची माझी जुनी टिपणे स्कॅन करून धाडली. 'कपाट आवरताना सापडली.' पुन्हा अंगठा. ती माझ्या योगायोगांवर खूश असेल, अशी माझी समजूत होती.

एका बुधवारी याहून मोठे काम केले. दादाला फोन लावला आणि इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर म्हटले, "वहिनीला नोकरी करायची असली तर तू आड येऊ नकोस हं."

"तिने काही म्हटलं का तुला?"

"नाही रे. आपलं असंच. शिकलेली बाई आहे."

"असंच?" तो म्हणाला. "तू असंच कधी काही बोलतेस का?"

फोन ठेवला तेव्हा मी स्वतःवर प्रसन्न होते. तिच्या वाटेतला दगड मी तिच्या नकळत बाजूला केला, असा माझा हिशेब होता.

त्या रविवारी आमच्याकडे बिबड्या होत्या. ज्वारी तीन दिवस भिजवायची, कांडायची, पहाटे तिचा घाटा शिजवायचा आणि शेजारपाजारच्या बायकांनी मिळून ओल्या फडक्यांवर तो पातळ थापायचा, हे दर उन्हाळ्यातले काम. दहापर्यंत बायका आपापल्या घरी गेल्या. गच्चीवर वहिनी आणि मी उरलो. एक बाजू वाळलेल्या बिबड्या फडक्यावरून सोडवून उलट्या घालत होतो. ती इतकी हलक्या हाताने सोडवत होती की एकही फाटत नव्हती. माझ्या निम्म्या फाटल्या होत्या.

मी विषय काढला, "वहिनी, मधमाश्या पाळण्याचं प्रशिक्षण असतं ना, एरंडोलकडे कुठे मिळतं ते मी विचारून ठेवलंय. शनिवार-रविवार असतं."

तिचा हात थांबला. "कोणाला करायचंय?"

"तुला... म्हणजे तुला आवड असेल तर. सहज वाचनात आलं."

"नेमकं मधमाश्यांचं? आणि नेमकं एरंडोलचं?"

"हो. का?"

"ताई, मला मधमाशी चावली तर दवाखान्यात न्यावं लागतं. पद्मालयाच्या गणपतीला गेलो होतो तेव्हा चावली होती. डोळे सुजून बंद झाले होते. रिक्षात घालून मला एरंडोलच्या डॉक्टरकडे कोणी नेलं होतं?"

मीच नेले होते.

"हा प्रश्न मी मंगळवारी विचारला," ती म्हणाली. "एकदाच. खाली त्या डबीला. घरात आई झोपलेल्या होत्या, दुसरं कोणी नव्हतं. बायोडेटा आला तेव्हा योगायोग म्हटलं. टिपणं आली तेव्हाही म्हटलं, असेल. मग म्हटलं, तपासून तरी बघावं. लॅबमध्ये आम्ही ब्लँक चालवायचो ना, ज्यात काहीच नाही ते द्रावण, तसं."

संगणकांच्या सुरक्षेत घुसखोर पकडण्यासाठी मुद्दाम एक खोटी नोंद पेरून ठेवतात. जो ती उचलतो तोच घुसखोर. हे मला पुस्तकातून माहीत होते. वहिनीने ते दुपारी भांडी घासता घासता शोधून काढले होते, आणि मी पाच दिवसांत अलगद त्यात सापडले होते.

"माझ्या फोनात सगळं येतं," मी म्हणाले. "प्रत्येक प्रश्न. आवाजासकट."

"आवाजासकट?"

ती मान खाली घालून पुढची बिबडी सोडवू लागली. तिच्या हातून ती पहिलीच फाटली.

"मी मदतच करत होते, वहिनी."

"करायची होती तर विचारायचं. 'वहिनी, मदत करू का?' चार शब्द आहेत. तुम्हाला तर सगळं मोजता येतं."

"पण तू फोनवर का नाही शोधलंस? डबीला कशाला..."

"माझा फोन माझा कुठे आहे? लेक त्यावर कार्टून बघते, आईंच्या बहिणीचे फोन त्यावर येतात, हे गिऱ्हाइकांचे नंबर त्यात टाकतात. काहीही उघडलं की काल काय बघितलं ते वर येऊन बसतं. म्हटलं, तोंडानं बोललेलं बरं, हवेत जातं. भिंतीला कान असतात हे ऐकून होते, ताई. भिंतीजवळ वही असते हे कोणी सांगितलं नव्हतं."

मग तिने मान वर न करता विचारले, "आणखी कोणाला माहीत आहे?"

दादाला फोन केल्याचे मी सांगितले.

"तरीच," ती म्हणाली. "बुधवारपासून हे जेवताना माझ्या तोंडाकडे बघतात. मला वाटलं, भाजीत मीठ कमी पडतंय."

मग तिने मला जे सांगितले त्याने मी केलेल्या गोष्टीचे खरे आकारमान मला कळले. मुलाखत येत्या गुरुवारी होती. नेमणुकीचे पत्र हातात पडेपर्यंत ती घरात बोलणार नव्हती, आणि त्याला कारण होते. दोन वर्षांपूर्वी एका शाळेच्या प्रयोगशाळेत जागा निघाली होती, तेव्हा तिने आधी सांगितले होते. "नाही कोणीच म्हणालं नाही," ती म्हणाली. "नाही म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं. आई म्हणाल्या, जा, पण उन्हाची चालशील कशी. हे म्हणाले, कर, पण लेकीची शाळा नुकती सुरू झालीये. तुम्ही फोनवर म्हणालात, तुझ्या शिक्षणाच्या मानाने ही जागा लहान आहे. सगळे मायेनंच बोलले. पंधरा दिवसांत तारीख निघून गेली."

मी तसे म्हणाले होते, हे मला आठवतही नव्हते.

आमच्याकडे काम होईपर्यंत त्याची वाच्यता करू नये असे म्हणतात. मी त्याला अंधश्रद्धा म्हणत आले होते. वहिनीच्या हातात तो अनुभवातून काढलेला निष्कर्ष होता: कच्च्या गोष्टीला जितके हात लागतील तितकी ती फाटण्याची शक्यता जास्त. कोणाला, केव्हा, किती सांगायचे याचा तिने क्रम लावला होता, आणि तो मी मोडला होता. दाराबाहेरच्या प्रत्येक चोराचा मी विचार केला होता. घरातले एक माणूस दुसऱ्याला वाचू शकेल, आणि ते माणूस मी असेन, हे माझ्या गणितात कुठेच नव्हते. पाच जण वापरणार आणि खाते एकाचे, अशी वस्तू विकणाऱ्यानेही त्याचा विचार केलेला दिसला नाही. पण ती निवडून आणणारी मी होते.

वहिनीने हात धुतले. "चला," ती म्हणाली. "हे अर्धवट कानावर पडलंय, आता तसंच राहू देता येत नाही. मीच सांगते."

खाली दादा नुकताच दुकानातून आला होता. आई कैऱ्या चिरत होती. वहिनीने बसण्याआधीच सांगायला सुरुवात केली: कारखाना नरडाण्याला, काम तपासणीचे, मुलाखत गुरुवारी.

"नरडाणे?" आईची विळी थांबली. "रोज बसवर? अन् पोर शाळामातीन उनी का तिले कोन दखी?"

"अर्धा तास तुम्ही बघाल, आई. मी विचारणारच होते."

"मी ते दखसू. पण ऊन कितलं पडस, माय! तुले चक्कर येस."

सुरू झाले, मला वाटले. पुन्हा तीच माया. मी पुढे सरसावले. "आई, तिची पात्रता बघ, अनुभव..."

"ताई, तुम्ही नका बोलू," वहिनी म्हणाली.

आवाज चढलेला नव्हता. पण आठ वर्षांत तिने मला पहिल्यांदाच अडवले होते. आईने माझ्याकडे पाहिले, मग सुनेकडे, आणि कैरी पुढे चिरायला घेतली.

"मी विचारत नाहीये," वहिनी म्हणाली. "सांगतेय. गुरुवारी जाणार आहे. लागली तर करणार आहे. अडचणी येतील त्या तेव्हा बघू, सगळे मिळून. आज एकही अडचण काढू नका. काढलीत तर मी हरेन, मला माहीत आहे."

यानंतर दादा बोलला. ते इथे नाही.

आईने विळी बाजूला सारली आणि म्हणाली, "गुरुवारले मी भाकरी टाकसू. तू तुन्ही बस धर."

संध्याकाळी मी फोन वहिनीच्या हातात दिला आणि इतिहासाचे पान उघडून दिले. पुसून टाकण्याचे काम मी एका झटक्यात करू शकले असते; ते तिनेच करावे असे मला वाटले. तिने आधी सगळे वरपासून खालपर्यंत वाचले. एका ओळीवर तिचे बोट अडले. "हे ऐकू येतं का?" मी हो म्हटले. तिने खूण दाबली आणि आपलाच दबका आवाज कानाशी धरून ऐकला. "केवढी घाबरलेय मी," ती म्हणाली, आणि मग सगळे पुसले.

खाते कोणाच्या नावे असावे यावर घरात थोडी चर्चा झाली. "मन्हा नावनं करा," आई म्हणाली, "मी कोनलेच काही सांगाव नही." शेवटी घरात सर्वांत जास्त वेळ असणाऱ्या व्यक्तीच्या, म्हणजे त्या दिवशीच्या हिशेबाने वहिनीच्या नावे ते नव्याने उघडले. आवाज साठवून ठेवायचे नाहीत अशी व्यवस्था मी तिला दाखवली. बटण तिने दाबले. घरातल्या प्रत्येकाला, भाचीलासुद्धा, कोणाचे बोलणे कोणाला दिसू शकते ते मी साध्या वाक्यांत सांगितले. भाचीने लगेच विचारले, "म्हणजे सात नव्वे तुला कळलं?" मी हो म्हटल्यावर ती दोन दिवस माझ्यावर रुसली. माझ्या फोनमधून ते ॲप गेले.

गुरुवारी मुलाखत कशी झाली ते मला जळगावला कोणी कळवले नाही. मी विचारलेही नाही. पंधरा दिवसांनी मी आईला फोन केला, तेव्हा ती सहज बोलून गेली की वहिनी ड्यूटीवर जायला लागली, आठवडा झाला. ती पुढचे सांगू लागली, आणि मी म्हटले, "नको आई. ती सांगेल मला."

"हाई काय नवं काढं तू?" आई म्हणाली. "पहिले ते बठ्ठं खोदी खोदी इचारस."

वहिनीचा फोन त्यानंतर नऊ दिवसांनी आला. बसमध्ये बसायला जागा मिळते का, लॅबमधला तराजू किती जुना आहे, पहिल्या दिवशी तिने एकच नमुना तीनदा कसा तपासला, हे तिने तिच्या क्रमाने सांगितले. मध्ये मी एकही प्रश्न विचारला नाही. ते अवघड होते.

हा मजकूर लिहून झाल्यावर मी तो तिला वाचायला दिला, आणि या वेळी आधी विचारून दिला. तिने तो सुट्टीच्या दिवशी पेन घेऊन वाचला. मधमाश्यांचा प्रसंग तिने ठेवला. तो तिला आवडला. तिच्या प्रश्नांपैकी दोन खोडले. आणि त्या दुपारी दादा तिला जे म्हणाला तो संपूर्ण परिच्छेद तिने चौकटीत घेऊन त्यावर काट मारली.

"हा तर सगळ्यात चांगला आहे," मी म्हणाले. "दादा त्यात किती..."

"म्हणूनच," ती म्हणाली. "ते आमचं आहे."

मी तो काढला, आणि माझ्या संगणकावरच्या जुन्या प्रतींमधूनही काढला.